विद्यापीठाचं स्थळ

विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. ठरेपर्यंत स्थळाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, असा आमच्या घरात दंडक आहे. तो माझा नाही, माझ्या नवऱ्याचा आहे. एवढंच सांगते की ते सरकारी आहे, घाटावर आहे, फार मोठं नाही आणि फार लहानही नाही. लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तसं, मध्यम बांध्याचं.

माझा नवरा दत्ताराम. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना अरेतुरे करून घेते, तेवढीच मजा. तो चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, पण चारकोपमधल्याच आमच्या सेक्टरमध्ये त्याला त्यासाठी कुणी ओळखत नाही. इथे निम्मी घरं आमच्यासारखी, कोकणातून गिरणीत आलेली आणि गिरणी गेल्यावर इकडे फेकली गेलेली. यातल्या कुणाच्याही मुलीला स्थळ सांगून आलं, की मुलाचं घर बघायला दत्तारामला घेऊन जातात. त्याने 'घर बरं आहे' म्हटलं की पुढचं बोलणं सुरू होतं, नाहीतर तिथेच थांबतं.

बघण्याची त्याची स्वतःची पद्धत आहे. रविवारी येतो म्हणायचं आणि शनिवारीच जाऊन उभं राहायचं. हॉलकडे बघायचंच नाही, कारण हॉल पाहुण्यांसाठीच मांडलेला असतो. मोरी बघायची. नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे चौकशी करायची. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, घरात आधीची सून असेल तर पाहुण्यांसमोर ती बसते की भिंतीला टेकून उभी राहते, ते बघायचं. ती बसली, आणि बसल्या बसल्या सासऱ्याचं बोलणं तोडून 'नाही हो बाबा, तसं नव्हतं ते' असं म्हणाली, तर दत्ताराम मनातल्या मनात सुपारी फोडून मोकळा होतो.

शेवटचा भाग आमच्या गॅलरीत होतो. सगळं बघून झालं की तो मुलीला एकटीला घरी बोलावतो, गॅलरीत नेतो आणि मागे दार ओढून घेतो. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांत उभा राहून तो तिला विचारतो, "तुला जायचंय का? नसेल तर सांग. मी नाही म्हणतो, दोष माझ्यावर." मुलगी नको म्हणाली, तर तो मुलाकडच्यांना फोन करून सांगतो की पत्रिका जमत नाही. मुलीला कुणी बोल लावत नाही, तिच्या आईबापांनाही नाही. गंमत म्हणजे पत्रिका त्याला वाचता येत नाही आणि त्याचा तिच्यावर विश्वासही नाही. हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला तो मला, घाटकोपरला माझ्या वडिलांच्या गॅलरीत. तेव्हा तो स्वतःच स्थळ होता. मी त्या प्रश्नावरच भाळले, बाकी त्याच्यात तेव्हा बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आता आमच्या श्रुतिकाचं. तिला लहानपणापासून दगडांचा नाद. फिरायला कान्हेरीला नेलं तर बाकीची पोरं माकडं बघायची आणि ही कातळाला नाक लावून बसायची. बारावीनंतर तिला भूशास्त्र शिकायचं होतं, आणि तेही ह्याच विद्यापीठात, कारण इथे पहिल्या वर्षापासून मुलांना डोंगरात नेतात. तिला जागाही मिळाली. सोमवार संध्याकाळपर्यंत मोबाईलवर होकार कळवायचा होता. तो कळवला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

दत्ताराम 'नाही' म्हणाला. तसं सरळ म्हणाला नाही. तो म्हणाला, "इतक्या लांब कशाला? ते खाजगी विद्यापीठ आहे ना, त्यांची एसी बस चारकोप नाक्यावरून उचलते आणि संध्याकाळी घरी आणून सोडते." त्या खाजगीवाल्यांचा रोज फोन यायचा. त्यांनी गुळगुळीत पुस्तक पाठवलं होतं, त्यात सगळी पोरं हिरवळीवर पाय पसरून हसत होती.

"दगड शिकवतात का तिथे?" मी विचारलं.

"मॅनेजमेंट शिकवतात."

"हुंडा मागणारं स्थळ आहे ते. आणि तोही दर सहा महिन्यांनी."

तो पेपरात डोकं घालून बसला. श्रुतिका खोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही, तिने तिचे दगड खोक्यात भरायला घेतले, आणि ते बघून मला दत्तारामचा खरंच राग आला. मग मी डोकं चालवलं.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "नाहीतरी सेक्टरमध्ये सगळ्यांना कळेलच, दत्तारामने स्वतःच्या पोरीचं स्थळ न बघताच नाकारलं."

पेपर खाली आला. "न बघता कसं? बघायला काय हरकत आहे?"

मासा गळाला लागला. मी जाऊन भात लावला.

विद्यापीठाने शनिवारी पालकांना बोलावलं होतं. अर्थातच आम्ही शुक्रवारी जाऊन पोचलो. बोरिवलीला नॅन्सी कॉलनीतून एसटी पकडली. बरोबर दिंडोशीहून दत्तारामची थोरली बहीण शकुवन्सं आल्या. प्रत्येक बघणीला स्वयंपाकघर आणि मोरी ही त्यांची खाती. श्रुतिकाला दत्तारामने बजावून ठेवलं होतं, "तू मुलगी आहेस. मागे राहायचं, बोलायचं नाही, सगळं बघायचं." ती मला हळूच म्हणाली, "आई, मी इथे शिकायला येणार आहे की नांदायला?" मी म्हटलं, "तू आत्ता काही बोलू नकोस गं, तुझ्या बापाला रंगात येऊ दे."

दत्ताराम फाटकातून आत शिरलाच नाही. आधी समोरच्या चहाच्या टपरीवर बसला.

"इथली मुलं कशी आहेत?" त्याने चहावाल्याला विचारलं.

"कुठल्या मुलाची चौकशी आहे?"

"सगळ्यांची."

चहावाल्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "भांडतात फार," तो म्हणाला.

दत्तारामचा चेहरा खुलला. त्याने माझ्याकडे बघितलं, बघ, मी सांगत नव्हतो का, अशा अर्थाने. "कशावरून भांडतात?"

"दगडावरून. खिशातून दगड काढतात, टेबलावर ठेवतात आणि हा असला आहे का तसला आहे, ह्याच्यावर तासभर भांडतात. टेबलाला चरे पाडून ठेवलेत सगळे."

श्रुतिका मागे उभी होती. तिने वाकून टेबलावरचे चरे बघितले आणि एका चऱ्यावरून बोट फिरवलं. दत्ताराम अर्धा चहा तसाच टाकून उठला.

मग मुलींचं हॉस्टेल. शकुवन्सं पदर खोचून आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "मोरी कोरडी," त्या म्हणाल्या. "बादल्यो पालथ्यो घातल्यानी हत." हे त्यांच्याकडून मिळणारं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. दत्तारामने मेसकडे बोट दाखवलं. मेसमध्ये एक दांडगी बाई परातीत कणीक तिंबत होती. शकुवन्संनी तिला सरळ विचारलं, "मासे कधी असतात?"

"मासे नसतात. रविवारी अंडं."

"संपलां," शकुवन्सं म्हणाल्या. "चेडू सुकान जातला." चेडू म्हणजे आमची पोरगी.

दत्ताराम एकदम मोकळा झाला. मासे नाहीत म्हणजे आमच्यात स्थळ मोडायला पुरेसं कारण. त्याने परत फिरायला पाऊलही उचललं होतं. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "कोकणातल्या मुली घरून सुकट आणतात. आम्ही भाजू देतो. बाकीच्या नाक धरतात, मी त्यांना सांगते, खिडकी उघडा आणि गप बसा."

"सुकट भाजूक देतत?" शकुवन्संचा सूरच बदलला. "मगे घर बरा असा, दत्ता."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. प्रत्येक चांगल्या गोष्टीगणिक ते उतरत चाललं होतं. इतक्या बघण्यांना मी त्याच्याबरोबर गेले, पण स्थळ चांगलं निघतंय म्हणून घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडी दयाही येत होती.

शेवटी भूशास्त्राचा विभाग. कौलारू बैठी इमारत, आत लांबलचक टेबलं आणि त्यांवर ट्रे भरभरून दगड. विभागप्रमुख कल्पिता मॅडम हाताची धूळ साडीला पुसतच पुढे आल्या. पालक उद्या यायचे होते, आज कसे, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी स्टुलं पुढे सरकवली.

"घरात माणसं किती?" दत्तारामने सुरू केलं. मी कपाळाला हात लावला.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "विभागात विचारताय की सगळ्या विद्यापीठात?"

"सगळ्या."

"सात हजारांच्या आसपास असतील."

"एकत्र?"

"भांडून का होईना, एकत्रच."

"म्हणजे मध्यम कुटुंब."

"मध्यमच," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या ठिकाणी असतं ते सगळं आमच्याकडे नाही. पण मुलगी दोन दिवस दिसली नाही, तर कुठे आहे म्हणून विचारणारं कुणीतरी इथे असतं." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. दत्ताराम काय करतोय हे त्यांना कळलं होतं आणि त्या खेळात सामील झाल्या होत्या. मला बाई आवडली.

मग त्यांनी श्रुतिकाला पुढे बोलावलं, तिच्या हातात एक काळपट दगड दिला आणि तो कुठल्या टेकडीवरचा, कसा तयार झाला, ते सांगायला लागल्या. शेजारी स्टुलावर एक मुलगी मांडी घालून बसली होती. तिचं नाव जान्हवी, तिसऱ्या वर्षाची. ती भिंग लावून काहीतरी बघत होती. तिने मान वर केली आणि बसल्या जागेवरूनच म्हणाली, "नाही मॅडम, तो टेकडीवरचा नाही. खालच्या खाणीतला आहे. आपण चुकीच्या ट्रेमध्ये ठेवलाय."

मॅडमनी चष्मा चढवला. दगड उजेडात धरला, उलटा करून बघितला. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." आणि त्यांनी तो दगड उचलून दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला.

शकुवन्संनी माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "सून बसली," त्या कुजबुजल्या.

दत्तारामने ते बघितलं होतं. मग त्याने जान्हवीला विचारलं, "घरची आठवण येते का गं?"

"पहिल्या वर्षी फार यायची, काका. आता आईपप्पांनाच माझी येते," ती म्हणाली आणि परत भिंगाला डोळा लावला.

निघताना दत्तारामने मॅडमचा मोबाईल नंबर घेतला. कुठल्याही बघणीत तो एका माणसाचा नंबर घेतोच. परतीच्या एसटीत त्याने खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. श्रुतिकाच्या ओढणीच्या टोकाला मॅडमनी दिलेला एक छोटा दगड बांधलेला होता.

रविवारी शकुवन्संना जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं होतं. पहिला भात दत्तारामने संपवला. मग ताटातला काटा बाजूला काढत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "पत्रिका जमत नाही."

इतकी वर्षं हे वाक्य मी ऐकत आले होते. दर वेळी त्याच्या आड कुणाची तरी मुलगी सुखरूप उभी असायची. आज त्याच्या आड तो स्वतः लपला होता. मला संताप आला.

"कुणाची पत्रिका?" मी विचारलं. "विद्यापीठाची जन्मवेळ काढलीत वाटतं?"

"तसं नाही. मध्यम आहे ते. ना मोठं नाव, ना काही."

"मी पण मध्यम बांध्याचीच होते. तेव्हा जमली ती पत्रिका?"

"दत्ता, तू खोटां बोलतंस," शकुवन्सं म्हणाल्या. "त्या घरात माका एक खोट गावली नाय. आणि मी खोट काढूक गेल्लंय."

"तुम्हाला नाही कळत ते," दत्ताराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता.

श्रुतिकाने ताटातलं संपवलं, ताट मोरीत ठेवलं, हात धुतले. मग ती गॅलरीत गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये पाठमोरी जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली.

आम्हा तिघांनाही कळलं. सेक्टरमधल्या कितीतरी मुली त्या जागी उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येकीला दत्तारामने विचारलं होतं. घरच्या मुलीला विचारायचं राहून गेलं होतं. दत्ताराम ताटावर तसाच बसून राहिला. हात सुकले तरी उठेना. माझ्या आयुष्यात मी इतकी वेळेवर गप्प कधी बसले नसेन. शेवटी तो उठला, हात धुतले, गॅलरीत गेला आणि त्याने मागे दार ओढून घेतलं.

गॅलरीतलं बोलणं कुणी ऐकायचं नसतं. पण आमच्या ओट्यावरची खिडकी गॅलरीत उघडते, त्याला मी काय करणार? मी नळ बंद केला. शकुवन्सं माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुला जायचंय का?" दत्तारामने विचारलं. तोच प्रश्न, त्याच आवाजात. "नसेल तर..." आणि पुढचं त्याला बोलवेना.

"जायचंय, पप्पा."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

"पण तुम्हाला पाठवायचं नसेल तर तसं मला सांगा," श्रुतिका म्हणाली. "म्हणजे पत्रिका वगैरे नको. खरं सांगा. मग मी आईला, आत्याला, सगळ्यांना सांगेन की मलाच नको होतं. तुम्हाला कुणी बोलणार नाही. दोष माझ्यावर."

शकुवन्संनी तोंडाला पदर लावला. मी ओटा घट्ट धरून ठेवला. मुलगी कधी एवढी मोठी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हे कधी शिकली, मला कळलं नाही.

खिडकीतून मला दत्तारामचे हात दिसले. तो दोरीवरचे कपडे काढत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने दोरीवरचा रुमालसुद्धा कधी काढला नव्हता. श्रुतिकाचे कुर्ते, ओढण्या, एकेक चिमटा काढून तो खांद्यावर टाकत होता. माझी साडी आणि स्वतःचे शर्ट त्याने तसेच राहू दिले.

तो ढीग घेऊन आत आला. पलंगावर बसला, मोबाईल काढला आणि आम्हा सगळ्यांसमोर नंबर लावला.

"कल्पिता मॅडम? चारकोपहून दत्ताराम बोलतोय. रविवारचा त्रास देतोय." तो थांबला. त्याने घसा साफ केला. "मुलीचा होकार आहे."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"नाही नाही, ते मोबाईलवरचं ती उद्या करेल. ते वेगळं. मी घरच्या माणसाशी बोलतोय." श्रुतिका गॅलरीच्या दारात उभी होती, त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "एक गोष्ट आधीच बोलून घेतलेली बरी. गणपतीला पोरीला माहेरी पाठवायचं. आमच्यात तसं असतं."

परत पलीकडून बोलणं झालं, ह्या वेळी जरा जास्त. दत्ताराम ऐकत राहिला. मग "हो," म्हणाला. आणखी एकदा "हो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, गणपतीला नक्की पाठवू. पण गणपती झाल्यावर तिला परत पाठवायचं काम तुमचं."

"मग?"

"मग काय. हो म्हटलं," दत्ताराम म्हणाला. त्याने ढिगातला श्रुतिकाचा एक कुर्ता मांडीवर घेतला, त्याची घडी घातली, ती वाकडी झाली म्हणून मोडली, आणि पुन्हा घालायला बसला.